खतौनीवाल्या जोशीबाई

जोशीबाई कुणाची ओळख झाली की तब्येत विचारत नाहीत, "घर कुणाच्या नावावर आहे?" असं विचारतात. आमच्या बड्या साहेबांच्या बायकोलाही त्यांनी भर पार्टीत हेच विचारलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, कारण बाईंना कंपनीत मीच आणलं होतं.

मी लखनौच्या एका कंपनीत सीएसआर, कंपनीची समाजसेवा, बघतो. म्हणजे खेड्यात जाऊन बॅनरपुढे फोटो काढून घेतो. बाईंचे यजमान एअरफोर्समध्ये होते. ते गेल्यापासून त्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एकट्याच राहतात. आपलं मराठी माणूस म्हणून मी त्यांना सल्लागार नेमलं. वाटलं, हळदीकुंकू छाप काहीतरी करतील.

मी 'शेतमालकीण सन्मान' सोहळा घेतला. बायकांना फेटे बांधले, आंब्याची रोपं दिली. बाईंनी त्या सगळ्यांच्या खतौन्या, म्हणजे इकडचे सातबारे, काढून आणल्या. सगळीकडे नवरे, दीर नि सासरे. बाईचं नाव औषधालाही नाही! माझा अहवाल तोवर गुळगुळीत कागदावर छापूनही झाला होता.

त्यातली रामदेई विधवा. नवऱ्याची जमीन दीर स्वतःच्या नावावर चढवायला निघाला होता. तसं झालं असतं, तर दोन मुलींना घेऊन तिला घर सोडावं लागलं असतं. बाई म्हणाल्या, "फोटो पुरे. चला तहसीलला." मी एसी गाडीत बसून मार्गदर्शन करणार होतो, बाईंनी मला रांगेत उभं केलं. दिरानं हरकत घेतली, तारखा पडत गेल्या. शेवटी तिथला चहावाला मला 'भैया, आज भी?' म्हणायला लागला.

अखेर नाव चढलं. रामदेईला वाचता येत नव्हतं. बाईंनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. "ई हम हन?" ही मीच का, असं तिनं विचारलं. बाई चक्क रडायला लागल्या. मलाही गलबलून आलं, पण सवयीनं आधी फोटो काढला.

परतताना मी सहज विचारलं, माहेरी नाशिकला हल्ली जात नाही का?

"भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली," बाई म्हणाल्या. "भावांना कशाला दुखवा, म्हणून हसत केली. त्यानंतर 'कधी येतेस' असं कुणी विचारलंच नाही हो."

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर माझ्या बहिणीपुढे तसलाच कागद मी सरकवला होता. तिनंही हसतच सही केली. साडी मात्र मी भारीतली दिली होती.