उद्यारावांच्या चेहऱ्यावरचं तेज

दमलेल्या माणसाने रविवारी दुपारी झोपू नये. उद्याराव झोपले, आणि सगळं तिथेच बिघडलं.

उद्याराव हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या तीन नंबर खिडकीत ते नऊ वर्षं बसत होते आणि नळाला पाणी नाही म्हणून जो कोणी येईल त्याला 'उद्या या' म्हणून वाटेला लावत होते. नाव लोकांनीच ठेवलं. आता बायकोही रागावली की तेच वापरायची.

नऊ वर्षं लोकांच्या शिव्या ऐकून माणूस पार पिचून गेला होता. (शिव्या काही फुकटच्या नव्हत्या. पाणी खरंच येत नव्हतं.) त्यांना आता एकच हवं होतं : रेकॉर्ड रूम. तळमजल्यावरची, मागच्या अंगाची, खिडकीच नसलेली खोली. तिथे नुसत्या फायली, आणि फाईल कधी 'तुमच्या घरी तरी येतं का हो पाणी' असं विचारत नाही. तिथला कारकून नुकताच निवृत्त झाला होता. जागा मिळायला लागत होती फक्त ऑफिसच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी : 'थकवा आहे, खिडकीचं काम झेपणार नाही.' बाई महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायच्या. त्या कारकुनाच्या डोळ्यांखाली वांग्याच्या रंगाची वर्तुळं होती आणि बाईंनी नाडीलाही हात न लावता सही ठोकली होती, ही गोष्ट सबंध ऑफिसला तोंडपाठ होती.

तर तो सोमवार उजाडला. उद्याराव आरशापुढे उभे राहिले, आणि आरशात एक टवटवीत गृहस्थ. शनिवार-रविवार मिळून वीस तास घोरले होते ते. थकवा आत होता तसाच होता, पण चेहऱ्यावरून मेला नाहीसा झाला होता.

"अहो, मी दमलेला दिसतोय का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"दमायला काय केलंत?" बायको ओट्यावरून म्हणाली. ती पाच वाजल्यापासून उभी होती.

मग त्यांची नजर मुलीच्या टेबलाकडे गेली. मुलीने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं आणि ती मेकअप शिकत होती. त्यावर उद्यारावांचं रोज रात्री जेवताना एक व्याख्यान असायचं. तोंडं रंगवून कुणाचं भलं झालंय, आमच्या वेळी आम्ही कसे शिकलो वगैरे. (त्यांच्या वेळी ते तिसऱ्या खेपेला पास झाले होते. ते व्याख्यानात यायचं नाही.) मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. ज्या गोष्टीला दिवसभर नावं ठेवायची, तीच गरज पडली की न विचारता उचलायची, आणि त्याला घरातला हक्क म्हणायचं.

टेबलावर काळी चपटी डबी होती. आत बारा रंगांच्या बारा वड्या, एकीलाही अजून बोट लागलेलं नव्हतं. मुलगी अंघोळीला गेली होती. विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत असली वर्तुळं काढून दिली असती की बाईंनी त्यांना थेट ॲडमिट केलं असतं. पण विचारायचं म्हणजे रात्रीचं व्याख्यान गिळायचं. त्यापेक्षा चोरी सोपी.

डबी घेऊन ते पॅसेजमधल्या बेसिनपाशी गेले. तिथे मिणमिणता पिवळा दिवा होता. वीज वाचते म्हणून तो त्यांनीच हट्टाने लावलेला. चष्मा उशीखाली राहिला होता. त्यांना एक वडी दिसली, ओल्या मातीसारखी, मळकट, उदास. अगदी आपल्या नोकरीच्या रंगाची, असं त्यांना वाटलं. त्यांनी तर्जनी खुपसली आणि दोन्ही डोळ्यांखाली फासली. कमी वाटलं म्हणून पुन्हा फासली. मग वरचं आणि खालचं एकसारखं दिसावं म्हणून पापण्यांवरही हात फिरवला. त्या उजेडात त्यांना आरशात एक खंगलेला, संपलेला माणूस दिसला. त्यांना इतकं समाधान कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

ती वडी शिमरची, म्हणजे चमकीची होती. अंधारात माती, उजेडात सोनं.

बसमध्ये समोरच्या बाईच्या कडेवरचं मूल त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलं आणि मग हसलं. उद्यारावांना वाटलं, लेकरालाही दया आली. ऑफिसच्या दारात वॉचमन खुर्चीतून उठला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"साहेब, आज काही विशेष?"

"विशेष कसलं बाबा," उद्याराव खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "दिवस ढकलतोय."

"ढकला, ढकला," वॉचमन म्हणाला. "असेच ढकला."

खिडकीवरच्या ट्यूबलाइटखाली ते बसले तेव्हा रांग एकदम शांत झाली. पहिल्या नंबरला दर सोमवारी येणारी शिंपीणबाई होती. तिच्या आवाजाने काच हादरायची. आज ती कागद हातात धरून नुसती उभी राहिली.

"पाणी नाही का?" उद्यारावांनीच विचारलं.

"नाही ना," ती हळूच म्हणाली. "पण असू दे. उद्या येते मी." जाता जाता परत वळली. "कुठला शेड आहे हो?"

उद्यारावांना प्रश्न कळला नाही. उत्तर म्हणून ते दमलेलं हसले. गाल वर गेले आणि ट्यूबचा उजेड अख्खा डोळ्यांखाली जमला.

बारा वाजता त्यांना आत बोलावलं. डॉक्टरीणबाई स्वतःच इतक्या थकलेल्या होत्या की बसल्या जागी खुर्चीचाच भाग वाटत होत्या. त्यांनी मान वर केली. बॅटरी काढली. डोळ्यांवर मारली. बॅटरी खाली ठेवली.

"हे काय आहे?"

"वर्तुळं," उद्याराव म्हणाले. "कामाच्या ताणाने."

बाईंनी पर्समधला छोटा आरसा काढून त्यांच्या पुढ्यात धरला.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. आरशात उद्यारावांचे डोळे एखाद्या दागिन्यांच्या दुकानासारखे लखलखत होते. डाव्या बाजूची चमक वितळून पार मिशीपर्यंत पोचली होती.

"हे तुम्ही लावलंय," बाई म्हणाल्या.

उद्यारावांनी आरसा हळूच बाजूला सारला.

"मला दोनच गोष्टी सुचतात. एक, थकवा दाखवायचा म्हणून रंग फासून मला फसवायला आलात. तसं असेल तर मला वर कळवावं लागेल."

"आणि दुसरी?" उद्यारावांनी विचारलं.

"दुसरी, तुम्हाला नटायची आवड आहे."

बाहेर कुणीतरी टाइप करत होतं. उद्यारावांच्या डोळ्यांपुढून ती रेकॉर्ड रूम, त्या मुक्या फायली, तो गार अंधार हळूहळू सरकत गेला.

"आवड आहे," ते म्हणाले.

"किती दिवसांपासून?"

"लहानपणापासून."

"छान," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "इथे येणारा प्रत्येक जण मेलेलं तोंड घेऊन येतो. तुम्हाला सकाळी उठून नटावंसं वाटतं. दमलेल्या माणसाला तेवढी हौस नसते." त्यांनी चिठ्ठी फाडून दिली. 'प्रकृती उत्तम. मन प्रसन्न. लोकांसमोरच्या कामाला विशेष योग्य.'

मोठ्या साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना तीन नंबरच्या जोडीला चार नंबरची खिडकीही दिली. रेकॉर्ड रूम गेली टायपिस्टला. तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याला खरोखरच झोप येत नव्हती.

संध्याकाळी मुलगी दारातच डबी उघडून उभी होती. एका वडीत बोटाएवढा खड्डा.

"हे कोणी केलं?"

"उंदीर असेल," उद्याराव म्हणाले.

तिने त्यांचा हात धरला, तर्जनी त्या खड्ड्यात टेकवली. बरोब्बर बसली. मग तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"बाबा, ही मी पहिल्या गिऱ्हाइकासाठी जपून ठेवली होती. ब्रशसुद्धा लावला नव्हता."

'उद्या आणून देतो' असं उद्यारावांच्या तोंडावर आलं होतं, पण या घरात त्या शब्दाची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. ते गुपचूप तोंड धुवायला गेले. शिमर निघाला नाही. दोन दिवस निघाला नाही.

पुढचा महिना त्यांनी दोन खिडक्या सांभाळल्या. डावीकडून एक शिवी, उजवीकडून एक. रविवारीसुद्धा झोप लागेनाशी झाली. एका संध्याकाळी घरी येऊन ते खुर्चीत कोसळले, तेव्हा मुलगी काम टाकून समोर येऊन उभी राहिली. जवळ वाकली. डोळ्यांखाली अंगठा फिरवून बघितला. अंगठ्याला काही लागलं नाही.

"बाबा, हलू नका. खिडकीकडे तोंड करा जरा."

एवढ्या दिवसांनी पोरगी मायेने बोलली म्हणून उद्यारावांना भरून आलं. त्यांनी तोंड उजेडाकडे केलं. तिने मोबाईलवर तीन फोटो काढले.

"कशाला गं?"

"जाहिरातीला. मेकअपच्या आधीचा एक फोटो हवा होता, असा चेहरा कुठे मिळत नव्हता."

"मग कर की मेकअप. नंतरचा फोटोही काढ," उद्याराव उदारपणे म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

मुलीने त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि डबीचं झाकण लावलं.

"नंतरचा मावशीचा घेते," ती म्हणाली. "तुमच्यावर अख्खी डबी संपेल."