चांगले जंतू

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात ऑर्व्हिलसारखा गळा दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या मित्राने, हार्लनने, त्याला बजावून ठेवलं होतं, "माझ्या अंत्यविधीला तूच गायचंस. रेकॉर्ड लावलीत तर शवपेटीतून उठून बसेन!"

हार्लन गेला आणि नेमका तेव्हाच ऑर्व्हिलचा घसा धरला. थुंकी गिळणंही मुश्किल. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. ऑर्व्हिलच्या बायकोने, मार्लिसने, सोबत प्रोबायोटिकची बाटली आणली.

"यात चांगले जंतू असतात. पोट सांभाळतात."

"एका हाताने जंतू मारायचे, दुसऱ्या हाताने जंतूंनाच जेवू घालायचं?"

"ते वाईट, हे चांगले."

"कपाळावर लिहिलंय का त्यांच्या?"

बाटली तशीच राहिली. घसा सुटला, पण पोट बिघडलं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी ऑर्व्हिलचा मुक्काम संडासातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घाबरला. राहिलेली कसर एकदम भरून काढावी म्हणून त्याने मूठभर कॅप्सूल गिळल्या, वर वाडगाभर दही आणि आंबवलेला कोबी खाल्ला.

"अरे, किती घेतल्यास?" मार्लिस किंचाळली.

"चांगलेच आहेत ना? मग जास्त झाले तर काय बिघडलं?"

चर्च गच्च भरलं होतं. पहिल्या बाकावर हार्लनची बायको व्हर्ना ताठ बसली होती. नवरा गेल्यापासून तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मुलांना त्याचीच धास्ती वाटत होती.

ऑर्व्हिलने पहिलं कडवं म्हटलं. आवाज स्वच्छ लागला. ऑर्गन थांबला, त्याने श्वास घेतला, आणि त्या शांततेत त्याचं पोट बोललं. साधंसुधं नाही, खोल, लांबलचक, शेवटी प्रश्न विचारल्यासारखं वर चढत गेलेलं. कोटाला लावलेल्या माइकने ते मागच्या दारापर्यंत पोचवलं.

पास्टरांनी डोळे मिटून घेतले. ऑर्व्हिलला वाटलं, पेटीत आपल्यालाच ठेवलं तर बरं.

तेवढ्यात व्हर्ना फिसकन हसली. तोंडावर हात धरून हसली, खांदे गदगदा हलेपर्यंत हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. अडवलेलं सगळंच वाहून निघालं.

दुसरं कडवं ऑर्व्हिलने म्हटलंच नाही. माइक काढून तो खाली उतरला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. कुणीतरी मागून सूर धरला, मग सगळेच गाऊ लागले.

पोट पुन्हा गुरगुरलं. ऑर्व्हिलने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"राहू दे," डोळे पुसत व्हर्ना म्हणाली. "बोलू दे त्याला."