डाग न देता

दुपारी तीनला माझी बायको टीना हिची टायपिंगची ऑनलाइन परीक्षा होती, घरबसल्या नोकरीची. आणि बाराच्या सुमारास तिच्या मेकॅनिकल कीबोर्डचं 'ई' बटण बसलं, ते उठेचना.

"दुसरा आणू का?" मी विचारलं.

"नको. माझी बोटं यावरच बसलीत. ही नोकरी हुकली ना, तर मी तुमच्याबरोबर गल्ल्यावर बसणार."

(नारायणगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर मी एकटाच असतो, म्हणून तर सुखात आहे.) मी तडक कामाला लागलो. बटणाची टोपी उपसली, तर खाली मुंग्यांची वस्ती.

मोबाइल रिपेअरवाल्या भरतला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, स्विच गेलाय. नवा टाकून सोल्डरिंगचा डाग द्यावा लागंल."

फोन स्पीकरवर होता. माझी आई प्यारीबाई माळ खाली ठेवून उठली. "त्यात जीव आहेत. तापवायचं नाही." आमच्या जैन घरात या विषयावर अपील चालत नाही.

"भरत, डाग न देता निघतो का रे?"

"काही बोर्डात नुसता खोचलेला असतोय. वायर काढा, चिमट्यानं दोन्ही कडा दाबा अन् सरळ वर वढा. नाय आला तर जोर लावू नका, राव."

चिमटा टीनाच्या भुवयांचा होता. ओढला, हलेना. टीनाने डोळे मिटून नवकार सुरू केला. मग लक्षात आलं, मी कडा दाबतच नव्हतो. (भांडी विकणाऱ्याला ओढाताण तेवढी येते.) कडा दाबल्या आणि कट् करून स्विच हातात! घरात कुणीच वापरत नाही त्या एफ-बाराचा स्विच काढून 'ई'च्या जागी खोचला. चालला! मला लईच आनंद झाला. टीना तर मला चक्क 'हुशार' म्हणाली.

तोवर आई मऊ कुंचल्याने मुंग्या कागदावर घेत होती. मध्येच थांबली.

"अंकित, ही काय ओढून नेतेय?"

वेफरचा तुकडा. बटाट्याचा. आमच्या घराचा उंबरा बटाट्याने आजवर ओलांडलेला नाही.

"वाऱ्याने आला असेल," मी म्हणालो.

"मसाला कुठलाय?" टीनाने सहज विचारलं.

"टोमॅटो," मी म्हणून गेलो.

परीक्षा छान झाली, नोकरीही लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई टीनाच्या टेबलाभोवती हळदीची जाड रेघ ओढत होती.

"बरं केलंस," मी म्हणालो. "आता मुंग्या फिरकायच्या नाहीत."

"मुंग्या येईनात का," आई म्हणाली. "रेघ तुझ्यासाठी आहे."