पॉपीचं तोरण

वसुबारसेच्या सकाळी मुक्ताबाईंनी दाराला तोरण बांधलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली मुकी झाली.

आयर्लंडमधल्या ड्रोहेडातल्या त्या गल्लीनं मुकं होणं ही साधी गोष्ट नव्हती. आशुतोष तिथं राहायला आल्यापासून हवामानावर चार शब्द बोलल्याशिवाय कुणी त्याच्या घरावरून पुढे गेलं नव्हतं. पाऊस असला तर पावसाबद्दल, नसला तर तो कसा येणारच आहे याबद्दल. समोरच्या घरातले मॅलकी आजोबा तर ‘आज गारवा आहे’ एवढं सांगायला रस्ता ओलांडून यायचे. त्या दिवशी मात्र ते खिडकीच्या पडद्याआड उभे राहिले आणि तिथून हललेच नाहीत. शेजारच्या नोरीनबाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या, त्यांनी तोरणाकडे पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि डबा घेऊन परत आत गेल्या. पोस्टमननं पाकिटावरचं नाव वाचलं, दार पाहिलं, पुन्हा नाव वाचलं आणि बेल न वाजवता तो निघून गेला.

आशुतोषची बायको निधी त्या दिवशी घरूनच काम करत होती. आशुतोष कारखान्यातून परतल्यावर तिनं हे सगळं सांगितलं. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. बॉइन नदीवरून धुकं चढत होतं आणि समोरच्या पडद्यामागं मॅलकी आजोबांची सावली तशीच उभी होती. दारात त्याची आई, मुक्ताबाई, पणती लावून, तोरणाकडे बघत, हात जोडून काहीतरी पुटपुटत होत्या.

तोरण खरोखरच देखणं होतं. लाल लोकरीची टपोरी फुलं, क्रोशानं विणलेली, प्रत्येकाच्या पोटात एक काळा मणी. नमुना सरहद्दीपलीकडच्या, अजून ब्रिटनकडे असलेल्या बेलफास्टचा होता. दिवाळीच्या खरेदीला म्हणून आशुतोष आईला आगगाडीनं तिकडे घेऊन गेला होता, तेव्हा मुक्ताबाईंना ते फूल जिथं तिथं दिसलं होतं. कपावर, छत्रीवर, बिस्किटाच्या डब्यावर, स्वयंपाकाच्या एप्रनवर. बायकांच्या कोटांवर ते लाल खड्यांत चमकत होतं. एका कुत्र्याच्या गळपट्ट्यालाही होतं. स्टेशनच्या दाराशी छातीवर पदकं लावलेले एक म्हातारे कागदाची साधी फुलं घेऊन गप्प उभे होते, पण तिकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हे कसलं फूल, असं मुक्ताबाईंनी विचारलं तेव्हा आशुतोष पैसे द्यायच्या रांगेत होता.

“काही नाही गं आई, सीझन आहे त्यांचा,” तो म्हणाला.

सणासुदीला कुत्र्याच्यासुद्धा गळ्यात घालतात म्हणजे फूल शुभच असणार, असा मुक्ताबाईंनी हिशेब केला आणि परतताना लाल लोकर घेतली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आशुतोषनं कौतुकानं तोरणाचा फोटो डेक्लनला दाखवला. डेक्लन त्याचा कारखान्यातला मित्र, जातिवंत बोलका माणूस. फोटो बघून त्यानं आधी मागं कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

मग हळू आवाजात त्यानं सांगितलं. हे पॉपीचं फूल ब्रिटिश सैन्यातल्या मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचं. पहिल्या महायुद्धात इथल्याही घराघरातली पोरं त्या सैन्यात गेली होती. बरीच मेली. जी परत आली त्यांना देश बदललेला दिसला. इंग्रजांचा गणवेश घातलेल्यांचं नाव काढायची सोय उरली नव्हती. त्यात पुढं उत्तरेकडे इतकी वर्षं रक्त सांडलं. त्यामुळे कुणाला त्या फुलात अपमान दिसतो, कुणाला आपले आजोबा दिसतात.

“कुणाला काय दिसतं?” आशुतोषनं विचारलं.

“ते कुणी सांगत नाही. आम्ही हवामानावर बोलतो.” डेक्लननं फोन परत दिला. “आणि तू त्याची माळ करून दारावर लावलीस. ग्रँड.”

ग्रँड या शब्दाचे आयर्लंडमध्ये किती अर्थ होतात ते आशुतोषला आता चांगलं कळत होतं. हा त्यातला सर्वांत वाईट होता. पुढच्या महिन्यात त्याला नागरिकत्वाची शपथ घ्यायची होती. परक्यांबद्दल हल्ली कुठं कुठं वाईट बोललं जात होतं, पण आपली गल्ली तशी नाही, असं तो सगळ्यांना छाती ठोकून सांगायचा. तो लवकर सुट्टी घेऊन घरी धावला.

दाराशी पोचला तर तोरणातलं एक फूल नव्हतं. कात्रीनं नीट कापलेलं होतं. आणि खाली पायरीवर, धुक्यानं ओली झालेली, काच खाली करून ठेवलेली एक तसबीर होती. त्यानं ती उलटली. गणवेशातला एक कोवळा पोरगा त्याच्याकडे टक लावून बघत होता. फोटो शंभर वर्षांचा तरी असेल.

ऐन दिवाळीत दारात मेलेल्या माणसाचा फोटो. आशुतोष तसबीर घेऊन आत आला. निधीनं सरळ पोलिसांना बोलवू या म्हटलं. पण पोलिसांना सांगायचं काय, की कुणीतरी एक फूल नेलं आणि आजोबा ठेवले?

शेवटी त्यानं आईला समोर बसवून फुलाचा अर्थ सांगितला. मुक्ताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तू सीझन म्हणालास.”

“हो, चुकलं.”

“मेलेल्या मान्सांचा सीझन असतुया व्हय रं? छत्रीवर, कुत्र्याच्या गळ्यात?” त्यांनी पदरानं तसबिरीची काच पुसली. “कुणाचं लेकरू हाय कुणास ठावं. वल्लं झालंय समदं.”

तोरण उतरवायला त्यांनी साफ नकार दिला. लक्ष्मीपूजनाआधी दाराचं तोरण कुणी काढतं का, हा एक मुद्दा. आणि दाराशी आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, हा दुसरा. त्यांनी तसबीर लक्ष्मीच्या पाटाशेजारी टेकून ठेवली, समोर दिवा लावला आणि करंजी ठेवली.

शनिवारी सकाळी आई आंघोळीला गेल्याचं बघून आशुतोष स्टूल घेऊन बाहेर आला. धुकं इतकं दाट होतं की फाटकही दिसत नव्हतं. त्यानं खिळ्याला हात घातला आणि कुणीतरी बघतंय असं त्याला वाटलं. मान वळवली तर फाटकाशी मॅलकी आजोबा उभे होते. टोपी हातात, चेहरा दगडासारखा.

“काढतोयस का?” त्यांनी विचारलं.

आशुतोषनं तोरणाचं टोक ओढल्यासारखं केलं. “नाही, सरळ करतोय.”

मॅलकींनी मान हलवली आणि ते धुक्यात मिसळून गेले. पावसाबद्दल अक्षरसुद्धा नाही. काढू नकोस अशी ही धमकी होती की काढ अशी, हे आशुतोषला स्टुलावर उभं राहून कितीही विचार केला तरी कळेना. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, आणखी बरीच फुलं गेली होती. आणि स्टुलाच्या पायाशी, आत्तापर्यंत न दिसलेल्या, दोन तसबिरी होत्या, कागदात गुंडाळलेलं एक पितळी बटण होतं, एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं.

दिवसभर हेच चाललं. पावलं कधी वाजायची नाहीत. दार उघडावं तर गल्ली रिकामी, धुकं तेवढं हलत असायचं. तोरण विरळ होत गेलं आणि पाटाभोवती गणवेशातल्या पोरांची दाटी वाढत गेली. ती सगळी एकाच वयाची होती आणि सगळी सरळ कॅमेऱ्यात बघत होती, त्यामुळे बैठकीत कुठंही बसलं तरी त्यांच्या नजरेतून सुटका नव्हती. निधीनं लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला. मुक्ताबाईंना मात्र त्यांची सोबत वाटू लागली होती. प्रत्येकापुढं करंजी पोचतेय ना, एवढीच त्यांना काळजी.

दुपारी बेल वाजली तेव्हा नवराबायको दोघंही दचकली. बाहेर गावातल्या भेटवस्तूंच्या दुकानाची मालकीण होती. कुणीतरी तिला तोरणाचा फोटो पाठवला होता. तिला अशी ढिगानं हवी होती. हातानं विणलेली, परंपरेची वगैरे चिठ्ठी लावलेली. ज्यांना लाल पचत नाही त्यांच्यासाठी हिरवी. मधल्या मण्याच्या जागी लुकलुकणारा दिवा बसवता आला तर सोन्याहून पिवळं. निधी क्षणभर विचारात पडली. आशुतोषनं आईला सगळं मराठीत सांगितलं.

“त्यांना म्हणावं,” मुक्ताबाई म्हणाल्या, “पितरांच्या नावानं वाढल्यालं पान कुणी इकत न्हाई.”

याचं इंग्रजी आशुतोषला जमेना. आईचा हात दुखतो, असं त्यानं सांगितलं.

संध्याकाळी दिवे लावताना मुक्ताबाई आपणहून बोलायला लागल्या. साताऱ्याजवळच्या त्यांच्या माहेरात घरटी एक माणूस पलटणीत असायचा. त्यांच्या आजोबांचा थोरला भाऊ त्याच युद्धात बोटीनं बसऱ्याला गेला आणि तिकडेच राहिला. फोटो नाही, कागद नाही. नावसुद्धा पुढच्या पिढ्यांना आठवेना, घरात नुसतं बसऱ्याचे आजोबा म्हणायचे. चावडीजवळ सरकारनं दगड बसवला, त्यावर गावातून किती गेले आणि किती मेले तेवढं कोरलंय.

“नावं न्हाईत. आकडाच हाय नुसता,” त्या म्हणाल्या. “हितल्या लोकांकडं निदान तोंडं तरी हाईत.”

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच रविवारी आलं होतं. अभ्यंगस्नानं आटोपून, फराळ मांडून झाला आणि निधीनं पडदा बाजूला केला. तिनं आशुतोषला हाक मारली नाही, नुसता त्याचा दंड धरला.

फाटकाबाहेर माणसं उभी होती. धुक्यातून एकेक येत होती आणि न बोलता मागं उभी राहत होती. अख्खी गल्ली. मॅलकी सर्वांत पुढं. नोरीनबाई काळ्या कोटात. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे दारावर. आशुतोषनं पोलिसांचा नंबर काढला आणि अंगठा त्यावर ठेवून तो थांबला. कुठंतरी चर्चची घंटा अकराचे ठोके द्यायला लागली. ठोके संपले आणि बाहेरची सगळी माणसं दगडासारखी झाली.

“आई कुठंय?” त्यानं विचारलं.

आई दार उघडून बाहेर गेली होती. हातात अनारशांचं ताट होतं. पायरीवर पोचल्यावर त्यांनी समोर पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. मुक्ताबाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं, डोक्यावर पदर घेतला आणि ताट हातात धरून त्याही तशाच उभ्या राहिल्या. ताट जड होतं, पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. आशुतोष मागं येऊन उभा राहिला. एवढी माणसं असताना इतकी शांतता त्यानं आयुष्यात कधी ऐकली नव्हती. आपण हललो तर काहीतरी मोडेल असं त्याला वाटत राहिलं.

मग मॅलकींनी टोपी घातली, पुढं येऊन अनारसा उचलला आणि म्हणाले, “आज पाऊस येईल असं दिसत नाही.”

गल्लीनं श्वास सोडला. नोरीनबाई एकदम रडायला लागल्या आणि रडता रडता त्यांनी सांगून टाकलं. वसुबारसेला मुक्ताबाईंना दारात हात जोडताना बघून, ही बाई त्या पोरांसाठी प्रार्थना करतेय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्या आजोबांचा फोटो कपाटात, टेबलक्लॉथच्या मागं, आईच्या काळापासून लपवलेला. आपल्या घरी दिवा लावायची हिंमत नाही, निदान इथं लागावा, म्हणून त्यांनी एक फूल कापून घेतलं आणि फोटो ठेवला. बोलता बोलता त्यांनी कोटाचं बटण सोडलं. आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, मुक्ताबाईंचं फूल टाचलेलं होतं.

त्यांच्या शेजारच्यानं आपला कोट उघडला. मग त्याच्या शेजारच्यानं. मॅलकींनी टोपी काढून आतलं अस्तर दाखवलं. प्रत्येकाकडे फूल होतं, प्रत्येकाच्या घरात एक लपवलेला पोरगा होता, आणि गल्लीत चोर आपण एकटेच अशी प्रत्येकाची समजूत होती. एकमेकांना दिसू नये म्हणून सगळ्यांनी धुकं साधून ये-जा केली होती. आजही, नोव्हेंबरातल्या या रविवारी अकरा वाजता त्या सैनिकांसाठी दोन मिनिटं गप्प उभं राहतात म्हणून, प्रत्येकजण आपल्यापुरता एकटा उभा राहायला आला होता आणि बाकीचे आपल्याला हाकलायला आलेत असं समजून घाबरला होता.

अनारसे भराभर संपले. वरून लावलेलं हे काय, असं मॅलकींनी विचारलं. खसखस, म्हणजे पॉपीच्याच बिया, असं निधीनं सांगितल्यावर त्यांनी हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तो आदरानं तोंडात टाकला.

जाताना ज्यानं त्यानं आपापला माणूस काखेत मारून उघड उघड नेला. पाट मोकळा झाला. पण एक तसबीर उरली. आशुतोष ती घेऊन दारोदार फिरला. नोरीनबाई नाही म्हणाल्या, मॅलकी नाही म्हणाले, कोपऱ्यावरच्या घरातलेही नाही म्हणाले. ठेवताना कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. फोटो उन्हानं की ओलीनं पार उडाला होता. गणवेशाची बटणं दिसत होती, खांदे दिसत होते आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग होता. घरी आणताना त्याला ती पालथी धरावी लागली.

मुक्ताबाईंनी ती त्याच्या हातातून घेतली, उजेडात धरून नीट पाहिली आणि लक्ष्मीच्या शेजारी परत ठेवली. मग त्यांनी गावाकडे फोन लावायला सांगितला. फोन त्यांच्या धाकट्या भावानं, सुभाषनं उचलला.

“सुभाष, बसऱ्याचं आजोबा घावलं,” त्या म्हणाल्या. “आयर्लंडात हुतं.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग सुभाषमामांनी दबक्या आवाजात विचारलं, दिसायला कसे आहेत?

मुक्ताबाईंनी तसबिरीतल्या पांढऱ्या डागाकडे पाहिलं.

“आपल्याच वळणाचं हाईत,” त्या म्हणाल्या.