सेलची दहा मिनिटं आणि पाइपातली मुंगूसबाई

"कॅमेरा कधी घ्यायचा हे ज्याला कळत नाही, त्याने फोटो काढू नयेत, सरळ चित्रं काढावीत!" असं जाहीर करून ठिणगीने जेवणाच्या टेबलावर चमचा आपटला. असा, की जणू न्यायाधीशाने निकालच दिला!

ठिणगी नववीत. खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे, तिथेच राहू दे. पूर्वी ती वर्गात "हजर" म्हणतानासुद्धा लाजायची. पण दोन महिन्यांपूर्वी तिला वक्तृत्वस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून जगातल्या यच्चयावत विषयांतलं सगळं काही कळायला लागलं. घरातले लोक बिचारे काय करणार? ऐकत होते!

सध्याचा विषय होता कॅमेरा. साधासुधा नव्हे, लांबच्या पक्ष्याच्या पापण्या मोजता येतील असा. घराच्या अंगणात नळाचे जुने पाइप रचून ठेवलेले होते. त्यात एक मुंगूसबाई आपली चार पिल्लं घेऊन राहत होती. पिल्लं आता दांडगी झाली होती, आज ना उद्या बिऱ्हाड हलणार होतं. आणि निसर्ग मंडळाच्या 'आपल्या परिसरातले वन्यजीव' या स्पर्धेसाठी फोटो पाठवायचा शेवटचा दिवस सुट्टी संपतानाचा होता.

ही स्पर्धा ठिणगीच्या जिव्हारी लागलेली होती. गेल्या वर्षी तिने याच मुंगूसबाईचा फोटो आपल्या फोनवर काढून पाठवला होता. थोडासा हलला होता, इतकंच. परीक्षकांनी शेरा लिहिला, "पायपुसण्याचा पोत छान टिपला आहे. स्पर्धा मात्र वन्यजीवांची आहे."

पायपुसणं! तीन दिवस ती जेवली नव्हती. म्हणजे, आईसमोर जेवली नव्हती.

म्हणून यंदा कॅमेरा हवाच होता. तीन महिने ती रोज सकाळ-संध्याकाळ त्याची किंमत बघत होती आणि प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवत होती. अभ्यासाअंती निष्कर्ष निघाला : सुट्टीतला पहिला रविवार, सकाळी अकरा ते अकरा दहा. तेवढ्या दहा मिनिटांत किंमत निम्मी! आणि निम्म्याच किमतीइतके तिच्याकडे साठले होते. दहा मिनिटं हुकली की खेळ खलास.

"पण तोपर्यंत मुंगूस थांबणार का?" दादा म्हणाला. दादा कॉलेजात जातो आणि घरी येऊन फक्त टोमणे मारतो. "सेल कधी आहे ते कळवलंयस का तिला?"

"घाई करतात ते मूर्ख असतात, दादा."

"आणि उशीर करतात ते?"

"ते फोटोग्राफर असतात! प्रतीक्षा हीच कला आहे."

"ही भाषणातली ओळ आहे ना?" आईने विचारलं. होती.

शनिवारी रंगीत तालीम झाली. प्रत्येकाच्या हातात एकेक यंत्र. ज्याला कॅमेरा मिळेल, त्याने तो कार्टमध्ये टाकायचा, ठिणगीने खिशातलं कार्ड घेऊन तिथे धावायचं आणि पैसे भरायचे. कार्ड एकच, कारण पैसेही एकाच कॅमेऱ्यापुरते. योजना म्हणजे अगदी दगडावरची रेघ!

पण तालमीत सगळे एकदम ओरडले. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. घाबरले की त्यांचा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो. "ब्रेक! ब्रेक! आरसा बघ!" असं म्हणत त्यांनी सगळी खरेदीच रद्द करून टाकली. आई रुग्णालयात भूल देणारी डॉक्टर. तिने शांतपणे "दहा, नऊ, आठ..." असं उलटं मोजायला घेतलं आणि सातावर आजोबा घोरायला लागले.

"बस्स!" ठिणगी कडाडली. "उद्या कोणी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही! कॅमेरा मिळाला की फक्त हात वर करायचा आणि तसंच बसून राहायचं. मी येईन. जागेवरून हलाल तर याद राखा!"

शिवाय तिने घरभर फिरून नेट कुठे जोरात येतं ते मोजलं आणि खडूने फुल्या मारल्या. बाबा मोरीच्या दारात. आई स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. दादा बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. ठिणगी आणि आजोबा बाहेरच्या खोलीत. अंगणाचं दार वाऱ्यासाठी उघडं.

वाचकहो, या योजनेत एक चूक होती. तुम्हाला दिसली असेल. घरातल्या पाच सुशिक्षित माणसांपैकी एकालाही दिसली नाही!

रविवार उजाडला. अकराला पाच कमी असताना सगळे आपापल्या फुलीवर बसले. आजोबा दाराकडे पाठ करून खुर्चीत, हातात टॅब, शेजारी स्टुलावर बशीत त्यांचं उकडलेलं अंडं. आजोबा जुन्या काळचे टायपिस्ट. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण बोटं अजून निवृत्त झालेली नाहीत. ठिणगीने त्यांना बजावलं, "आजोबा, पान उघडलं की बटण दिसेल. ते दाबत राहायचं. थांबायचं नाही!"

"मी मिनिटाला साठ शब्द दाबायचो," आजोबा म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

अकरा वाजले!

ठिणगीने पान उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. 'फक्त तीन नग शिल्लक.' तीन? तीन महिन्यांच्या तपश्चर्येला तीनच? तिने बटण दाबलं. फोन गोल गोल फिरला आणि म्हणाला, 'तिन्ही नग इतर ग्राहकांच्या कार्टमध्ये आहेत. ते पैसे भरेपर्यंत प्रतीक्षा करा. हे पान बंद केल्यास आपला क्रमांक जाईल.'

"कोण आहेत हे तीन हावरट?" ती दात-ओठ खात पुटपुटली. "पैसे भरत नाहीत, सोडतही नाहीत! माणसं आहेत की जळवा?"

दोन मिनिटं गेली. चार गेली. तीन हावरट हलेनात.

इकडे मोरीच्या दारात बाबा एक हात आभाळाकडे करून बसले होते. स्वयंपाकघरात आईचा हात फ्रिजच्याही वर गेला होता. जिन्यात दादाचा हात वर होता आणि येणारे-जाणारे शेजारी त्याला "कोणता प्रश्न आहे रे?" असं विचारून जात होते. तिघंही हुकमाला जागून गप्प! तिघांचीही यंत्रं सांगत होती : अभिनंदन, नग आपल्यासाठी राखून ठेवला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

अकरा वाजून सहा मिनिटांनी दारात काहीतरी खसफसलं.

ठिणगीने मान वळवली. उंबऱ्यावर मुंगूसबाई! मागे एका रांगेत चार पिल्लं! शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी! मुंगूसबाईने दोन पायांवर उभं राहून खोलीचं निरीक्षण केलं. नजर अंड्यावर पडली. टुणकन स्टुलावर!

चार फुटांवर रानातला जीव, हातात फोन, फोनमध्ये कॅमेरा... पण पान बंद केलं तर क्रमांक जाणार! इकडे आड, तिकडे विहीर! फोटो काढावा तर कॅमेरा जातो. कॅमेऱ्यासाठी थांबावं तर मुंगूस जातं. मग कॅमेरा घेऊन काढायचं काय? आजोबांचं अंडं?

बरं, आजोबांना हाक मारावी तर मौनाचा नियम तिचाच! आणि आजोबा? ते ताठ बसून, टॅबकडे टक लावून, टक टक टक बटण दाबत होते. मागे प्रलय आला असता तरी त्यांनी ओळ पूर्ण केली असती.

मुंगूसबाईने अंडं तोंडात धरलं. अकरा वाजून आठ मिनिटं. पिल्लं खुर्चीच्या पाठीमागे ओळीने उभी राहिली. असं दृश्य सात जन्मांत दिसणार नाही! ठिणगीने डोळे मिटले, मन घट्ट केलं, सेलवर पाणी सोडलं आणि पान बंद करून कॅमेरा उघडला. दाबलं!

फोन म्हणाला, 'फोटोसाठी जागा शिल्लक नाही.'

कशी असणार? तीन महिन्यांचे, रोजचे दोन वेळचे, किमतीचे स्क्रीनशॉट!

"नाऽऽऽही!" अशी किंकाळी ठिणगीने फोडली, की मुंगूसबाई अंड्यासकट आणि पिल्लं मुंगूसबाईसकट बाणासारखी अंगणात पसार. जिन्यावरून दादा, मोरीतून बाबा, स्वयंपाकघरातून आई धावत आली. तिघांचेही हात अजून वरच! पोलिसांनी पकडल्यासारखे!

"तीन जणांनी..." ठिणगी हुंदके देत होती, "तीन हावरटांनी सगळे कॅमेरे..."

ती थांबली. एक हात बघितला. दुसरा बघितला. तिसरा बघितला.

"तुम्ही?"

"तूच म्हणालीस, हलायचं नाही!" बाबा खांदा चोळत म्हणाले. "नऊ मिनिटं झाली, रक्त उतरलं पार!"

"मग हाक नाही का मारायची?"

"मौन!" तिघं एकसुरात म्हणाले. बोलायला त्यांना आत्ता जमलं!

ठिणगीने खिशात हात घातला, कार्ड बाहेर काढलं, घाईत ते सोफ्याखाली पडलं, बाबांनी ब्रेक दाबला, पाय कार्डावरच पडला आणि कार्ड आणखी आत गेलं. घड्याळाने अकरा दहा दाखवले. तिन्ही यंत्रांवर एकाच वेळी आलं, 'सेल संपला आहे. आपला दिवस आनंदात जावो.'

खोलीत अजून एक आवाज येत होता... टक टक टक.

"आजोबा, थांबा आता," आई हळूच म्हणाली. "संपलं सगळं."

"झाली का माझी तपासणी?" आजोबांनी मान वर केली. "पान उघडलं तर माझाच चेहरा आला. म्हटलं, हल्ली गिऱ्हाईक खरं की खोटं ते बघतात, बघू देत. केस विंचरले, जवळ धरलं आणि ते गोल बटण दाबत राहिलो. माझं अंडं कुठाय?"

दादाने टॅब हातात घेतला. टॅबचाच कॅमेरा उघडला होता! आजोबांनी स्वतःचे चारशे बारा फोटो काढले होते. पहिल्यात आजोबांचं नाक. दुसऱ्यात नाक. तीनशे सातव्यात अर्ध्या चौकटीत नाक आणि त्यामागे, उन्हात लख्ख, दोन पायांवर उभी मुंगूसबाई! तोंडात अंडं, मागे चार पिल्लं, एकूण एक मिशी मोजावी इतकी स्पष्ट!



"पाठव," दादा म्हणाला. "पण नाव आजोबांचं. ज्याने काढला त्याचा फोटो, नियम म्हणजे नियम."

ठिणगीने तोंड वाकडं केलं. पण पाठवला तिनेच, आजोबांच्या नावाने.

महिन्याभरात निकाल लागला. पहिला क्रमांक! बक्षीस आलं, तेही भलंमोठं. ठिणगीने खोकं फोडलं. आत होती एक सुंदर, पाणी न शिरणारी, अकरा कप्प्यांची बॅग. कप्प्यावर चिठ्ठी : 'कॅमेरा यात समाविष्ट नाही.'

बॅगेसोबत परीक्षकांचं पत्रही होतं. ते आजोबांनी चष्मा लावून, खणखणीत आवाजात, सर्वांना वाचून दाखवलं.

"मुंगसाचं कुटुंब तर अप्रतिम आहेच. पण त्याहून थक्क केलं ते पुढच्या बाजूच्या दुहेरी बिळाने! आतल्या वाळक्या गवतासकट बिळाचं तोंड इतक्या जवळून टिपणाऱ्या कलावंताच्या धाडसाला आमचा सलाम!"

"बीळ?" आजोबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "कुठलं रे बीळ?"

चार जोडी डोळे त्यांच्या नाकाकडे गेले आणि झटकन जमिनीकडे वळले. बाबांनी कचकन ब्रेक दाबला. आईने मनातल्या मनात दहापासून मोजायला घेतलं. दादाने कोणाला दिसणार नाही असा हळूच हात वर केला.

ठिणगीच्या मौनाचा नियम त्या दिवशी स्वतः ठिणगीनेसुद्धा पाळला!