सांख्यिकीची सावड

संस्थेचे अध्यक्ष उत्तमसिंग यांनी प्राध्यापक नरहर देशकरांना बोलावलं, तेव्हा चहा मिळेल अशी सरांची समजूत होती. चहा आला नाही, कागद आला. दारव्ह्याच्या त्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला सर गेली एकोणीस वर्षं सांख्यिकी शिकवत होते आणि मुलं गेली एकोणीस वर्षं त्यात इमानेइतबारे नापास होत होती. यंदा मात्र विद्यापीठाने डोळे वटारले होते. नऊ मुलं सांख्यिकीपायी पहिल्या वर्षातच मुक्काम ठोकून होती. ती वर्षभरात बाहेर निघाली नाहीत तर विषय बंद आणि सर अतिरिक्त.

"अतिरिक्त म्हणजे माझं काय होईल?" सरांनी विचारलं.

"मारेगावले आपलं होस्टेल हाये न, तिथं अधीक्षक. पोरायच्या भाजीत मीठ बरोबर हाये का नाही ते चाखून पाहाचं."

दारव्ह्यात सरांचं नुकतंच घर बांधून झालं होतं, पत्नी सुमेधाताईंची नोकरी तिथल्याच तहसील कचेरीत होती, आणि भाजीतल्या मिठाबद्दल सरांनी लग्नानंतर कधी मत दिलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी फळ्यावर 'खास वर्ग' असं लिहिलं. वर्गाला कोणी आलं नाही. दिवस वेचणीचे होते. कापसाचे भाव पडलेले, मजूर परवडत नव्हते, त्यामुळे नऊच्या नऊ मुलं आपापल्या घरच्या वावरात कापूस वेचत होती.

तेव्हा सरांना सावड आठवली. सरांच्या सात पिढ्या कचेरीत गेल्या होत्या. वावर त्यांनी पाहिलं होतं ते एसटीच्या खिडकीतून. पण शेतकरी एकमेकांची कामं मिळून उरकतात आणि त्याला सावड म्हणतात, एवढं त्यांच्या कानावर होतं. एका रविवारी त्यांनी मुलांना गाठलं आणि सांगितलं, की प्रकरणं नऊ, तुम्हीही नऊ. एकेकाने एकेक प्रकरण करा. सगळ्यांचा मिळून अभ्यास पुरा होईल, झाली सावड.

सरांना सावड कळलेली नाही, हे मुलांना तिथल्या तिथे कळलं. पण सरांच्या सावडीत प्रत्येकाची आठ प्रकरणांतून सुटका होत होती, म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. रजतने सरासरी घेतली, सलोनीने संभाव्यता, भीमराजने निर्देशांक. चिठ्ठ्या टाकून बाकीचीही वाटणी झाली.

महिनाभरात विद्यापीठाची समिती खास वर्ग पाहायला आली. समितीपुढे कसं बोलायचं, हे त्या मुलांना शिकवावं लागलं नाही. त्या वर्षांत कापसाची अवस्था पाहायला दिल्ली-मुंबईहून इतकी पथकं येऊन जात, की गावागावांत कामं वाटलेली होती: बियाण्यावर एकाने बोलायचं, पावसावर दुसऱ्याने, भावावर तिसऱ्याने. इथेही तसंच झालं. समितीने वर्गाला प्रश्न टाकला की ज्याचं प्रकरण तोच उभा राही आणि धडाधड उत्तर देई. समितीचे अध्यक्ष इतके खूष झाले की त्यांनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले.

मग काय विचारता. वर्तमानपत्रात 'दारव्हा पॅटर्न' छापून आला. उत्तमसिंगांनी सरांना शाल-श्रीफळ दिलं आणि या वेळी चहाही पाजला. कळंबहून सहा प्राध्यापक एका जीपमध्ये कोंबून पॅटर्न पाहायला आले. त्यातल्या एकाने आगाऊपणा करून थेट रजतकडेच बोट दाखवलं आणि त्याला संभाव्यतेवरचा प्रश्न विचारला.

"ते माह्या वावरात नाही येत सर," रजत शांतपणे म्हणाला. "सलोनीले इचारा."

पाहुणे पोट धरून हसले. ग्रामीण मुलांची विनोदबुद्धी किती तल्लख असते, यावर परतताना जीपमध्ये चर्चा झाली म्हणे. नरहर सरही हसले, आणि हसण्यात चूक ओळखायची वेळ त्यांच्या हातून निसटली.

हिवाळी परीक्षा झाली. पेपरात नऊ प्रश्न होते, सगळे सोडवणं सक्तीचं, प्रत्येकी अकरा गुण, आणि उरलेला एक गुण सुवाच्य अक्षराचा. निकाल लागला तेव्हा आठ जणांना अकरा-अकरा आणि रजतला बारा गुण होते. सरांनी सवयीने बेरीज केली. नऊ जणांनी मिळून शंभरपैकी शंभर मिळवले होते.

सर डोकं धरून बसले असताना मुलांतर्फे सलोनी पुढे आली.

"सर, पेपर तं आमी पूर्ण सोडवला. आता मार्कंही एका जागी करा. या टायमाले रजतले पास करून टाका, पुढच्या टायमाले मले. बारीबारीनं साऱ्यायचा नंबर लागते."

एरवी सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं असतं. पण मारेगावची भाजी डोळ्यांपुढे दिसू लागली की माणसाला काहीही पटतं. त्यांनी अर्ज लिहिला, उत्तमसिंगांनी शिफारस जोडली. विद्यापीठाचं उत्तर आलं: 'सामुदायिक उत्तीर्णतेची तरतूद सध्या नाही. तथापि, प्रस्ताव विहित नमुन्यात तीन प्रतींत सादर केल्यास विचार करता येईल.' विहित नमुना कुठे मिळतो हे विद्यापीठात कोणालाच माहीत नव्हतं. सरांनी त्यासाठी दोन चकरा मारल्या.

दुसऱ्या चकरेहून परतताना ते सलोनीच्या वावरापाशी उतरले. तिची आई लीलाबाई ओटीत कापूस भरत होती, शेजारच्या तासात सलोनी होती. सरांनी सगळी कैफियत तिच्यापुढे मांडली आणि शेवटी म्हणाले, "एवढी चांगली सावड केली हो यांनी, तरी फसलीच कशी?"

लीलाबाईचा हात थांबला. "कायची सावड जी सर? सावडीत नऊ माणसं एकाच वावरात जाते. थे झालं का मंग साऱ्यायनं दुसऱ्याच्या वावरात. तुमी तं एकेकाले एकेक वावर देऊन मोकळे झाले. याले वाटणी म्हंतेत." मग ती मुलीकडे वळली. "अन् तुले हे माहीत नोयतं का वं?"

सलोनी झाडाकडे वळून फारच मन लावून कापूस वेचू लागली.

सरांना लाज वाटली. एकोणीस वर्षं नमुना निवड शिकवली आणि हाताशी असलेल्या नऊ नमुन्यांना एकदा धड विचारलं नाही, हे त्यांना टोचलं. पुढच्या आठवड्यापासून खरी सावड सुरू झाली. ज्याचं प्रकरण त्याच्या घरी नऊही जण बसत. मालक शिकवी, बाकीचे गणितं सोडवत, चहा मालकाच्या घरचा. ज्याच्या प्रकरणात जास्त जण अडत त्याची आई त्यालाच बोल लावी, की सारे आपल्याकडून उपाशी चालले. सर खाली सतरंजीवर बसत आणि कोणी चुकलं तरी पहिल्यांदा तोंड उघडत नसत. हे त्यांना फार जड गेलं.

उन्हाळी परीक्षेत नऊच्या नऊ पास झाली, त्यांच्या पाठोपाठ यंदाची नवी मुलंही. सलोनीला एकाहत्तर. निकालाचा कागद धरून सर कॉलेजच्या व्हरांड्यात चक्क रडले आणि शिपाई बाबूसिंगने त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी त्याच पावली घर गाठून सुमेधाताईंना सांगितलं, की आता रिटायर होईपर्यंत आपण दारव्ह्यातून हलत नाही.

जूनमध्ये उत्तमसिंगांनी त्यांना बोलावलं. चहा तयार होता.

"सर, मोठी पंचाईत झाली. पहिल्या वर्षाले कमसेकम वीस पोरं लागते, नाही तं तुकडी बंद. दरसाल ॲडमिशन होते बारा-तेरा. बाकीचा आकडा तुमचे नापासवालेच भरून काढत होते."

सरांनी उचललेला कप खाली ठेवला.

"एकदम नऊच्या नऊ कायले पास केले? एखादं वर्ष थांबाचं होतं," उत्तमसिंग कळवळून म्हणाले आणि त्यांनी मारेगावचा आदेश पुढे सरकवला.

संध्याकाळी सुमेधाताईंनी आदेश दोनदा वाचला आणि विचारलं, "अहो, पण तुमची चूक काय झाली?"

"निकाल शंभर टक्के लागला," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं. तरी हे वाक्य त्यांनी आणखी एकदा म्हणून पाहिलं, जरा मोठ्याने, शेजारच्यांना ऐकू जाईल असं.