खिडकीकडचा गाल

"गाडी काय आणि गाल काय, दोन्ही बाजू सारख्या ठेवणं माझ्या हातचा मळ आहे!"

असं मामांनी भाचीला ठणकावून सांगितलं, आणि त्या घडीपासून त्यांच्या तोंडाचे हाल सुरू झाले.

मामा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. भाची त्यांना मामा म्हणायची म्हणून कंडक्टर मामा म्हणू लागला, कंडक्टरचं ऐकून सगळा डेपो. उभा जन्म एकाच खिडकीशेजारी बसून गेलेला. रोजची दुपार त्या खिडकीतून आत यायची आणि त्यांच्या गालावर ठाण मांडायची. त्यामुळे खिडकीकडचा गाल भाजून निघालेल्या विटेसारखा झाला होता, आणि आतल्या बाजूचा गाल आईनं दिला तसाच, सावलीत वाढलेला. आरशात समोरून पाहिलं, की दोन सावत्र भाऊ शेजारी उभे करून मधे नाकाची भिंत घातल्यासारखं दिसे.

याचं मामांना कधी काही वाटलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता गाल बघणारं कोण होतं?

पण मोठ्या चौकात इस्त्रीवालीचं दुकान होतं.

रस्ता एकेरी, दुकान उजव्या कडेला. लाल दिवा लागला की मामांची खिडकी बरोबर तिच्या टेबलासमोर थांबायची. ती खाली वाकून शर्टाची कॉलर दाबत असायची, आणि वाफेतून मान वर करून विचारायची, "काय हो ड्रायव्हर, आज उशीर?" मामा वरून उत्तर द्यायचे. लाल दिवा आहे तोवर संसारभराच्या गप्पा. हिरवा लागला की वाक्य जिथे असेल तिथे तुटायचं! सोमवारी ती म्हणायची, "तुम्हाला गाणं..." आणि मंगळवारी मामा सांगायचे, "आवडतं, पण गळा नाही." तिच्याही घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं, हे कळायलाच त्यांना अख्खा हिवाळा लागला.

आणि एके दिवशी ती म्हणाली, "महिनाअखेरच्या रविवारी सुट्टी असते ना तुम्हाला? मग घरी चहाला..."

दिवा हिरवा झाला.

"या!" ती मागून ओरडली.

मामांनी गाडी पुढे काढली ती रस्त्यावरून नव्हे, ढगावरून. झाडं मागे गेली, घरं मागे गेली, एक थांबा मागे गेला, दुसराही गेला. त्यांना काचेत नुसती वाफ दिसत होती, आणि वाफेत एक हसरा चेहरा.

"मामा!" कंडक्टर बेल बडवत ओरडला. "लोकांना उतरायचंय!"

"उतरू दे की," मामा गोड हसून म्हणाले. "घाई काय आहे?"

डेपोत गाडी लावताना मात्र त्यांचं विमान खाली आलं. तिनं आजवर पाहिला होता तो खिडकीकडचा गाल! दुसरा गाल तिला ठाऊकच नव्हता. बसमध्ये एका गालावर भागतं, पण चहाला जायचं तर दोन्ही बरोबर न्यावे लागतात! दार उघडल्यावर तिला वाटायचं, अर्धा माणूस आपल्या ओळखीचा आणि उरलेला अर्धा कुणीतरी परकाच आला आहे.

म्हणून ते भाचीला शरण गेले. भाची सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कामाला होती. तिनं टेबलावर गाल उजळायच्या सिरमच्या दोन बाटल्या ठेवल्या.

"या तपकिरी बाटलीत व्हिटॅमिन सी. या पांढरीत नायसिनामाइड."

"काय माइड?"

"नायसिनामाइड."

"नुसतं नाव घेऊनच जीभ उजळली बघ!"

"मामा, नीट ऐका. आधी कानामागे थेंबभर लावून बघा. दिवसा वरून सनस्क्रीन लावा. व्हिटॅमिन सीची बाटली अंधारात आणि गारव्याला ठेवा. आणि हे काही जादू नाही, आठवडे लागतात."

मामा मान डोलावत होते. कान इथं होते, पण मन इस्त्रीवालीच्या घराचा जिना चढत होतं. जिन्यावर मंद उजेड होता, दाराशी कुंडी होती, कुंडीत काहीतरी निळं फुललं होतं.

"काय सांगितलं मी?"

"आठवडे," मामा दचकून म्हणाले. "ते राहू दे. आपण शर्यत लावू. खिडकीच्या गालाला तपकिरी, आतल्या गालाला पांढरी. जी जिंकेल ती दोन्हीकडे!"

"अहो, तुमचे गालच सारखे नाहीत, तर तुलना कसली करणार?"

आणि त्यावर मामांनी ते हातच्या मळाचं वाक्य टाकलं.

आता मामांच्या डोक्यात जन्मभराचं ड्रायव्हरपण. तपकिरी काचेतून आत किती उरलंय ते दिसेना. ड्रायव्हरला काटा दिसला पाहिजे! त्यांनी तपकिरी बाटलीतलं सिरम एका पारदर्शक बाटलीत ओतलं आणि ती बाटली डॅशबोर्डवर, काचेला टेकवून, ऐन उन्हात उभी केली. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे. मग आरशात बघत स्वप्नं.

पाण्यासारखं असलेलं सिरम हळूहळू पिवळं झालं. मग सोनेरी. उन्हात ते असं चमकायचं, की मामांची नजर रस्त्यावरून तिकडेच वळायची.

"मामा, याचा रंग बदलला," कंडक्टर म्हणाला.

"मुरतंय ते. जोर धरतंय!"

निकालही चमत्कारिक येऊ लागला. पुढच्या दारातून चढणाऱ्या बाया आतला गाल बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, ड्रायव्हरकाका काय टवटवीत दिसताहेत!" आणि सिग्नलला खिडकीशेजारी थांबलेले मोटारसायकलवाले वर बघून विचारायचे, "काका, कावीळबिवीळ झाली का?" एकाच तोंडाच्या दोन बातम्या! मामा एकीकडे लाजायचे आणि दुसरीकडे घाबरायचे.

कंडक्टरनं डोळे बारीक करून पाहिलं. "मामा, खरं सांगू? हा आतला गाल पहाट झाल्यासारखा दिसतोय. आणि तो बाहेरचा... ग्रहण."

मामा भाचीकडे धावले. भाचीनं गाल बघितला, बाटली बघितली आणि कपाळावर हात मारला.

"हे सिरम आहे की चहा?"

"मुरलंय."

"बिघडलंय! ऊन लागून पार बिघडलंय. असं बिघडलेलं लावलं की त्याचाच डाग पडतो."

"म्हणजे इतके दिवस मी गालाला..."

"रंग दिलात. दोन हात! आता काही लावू नका. आणि त्या गालाला ऊन लागू देऊ नका, डाग आपोआप जाईल."

ऊन लागू देऊ नका, हे वाक्य मात्र मामांनी नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत जाडजूड टॉवेल लटकला.

चौकात लाल दिवा लागला.

"काय हो ड्रायव्हर," खालून आवाज आला. "पडदा लावलात?"

मामांचा जीव टॉवेलच्या अलीकडे तडफडत होता. "ऊन लागतं हो!"

खालून हळूच आलं, "आभाळ भरून आलंय की."

मामांनी पुढच्या काचेतून बघितलं. खरंच, ढगांनी सूर्याला पार गिळलं होतं. दिवा हिरवा झाला आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले.

पुढच्या दिवशी त्यांनी टॉवेलच्या फटीतून पाहिलं, तर इस्त्रीवालीनं टेबलच फिरवलं होतं! रस्त्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. ती एका चादरीवर अशी इस्त्री चालवत होती, जणू चादरीनंच तिचा अपमान केला होता.

डागाळलेला गाल परवडला, पण ही पाठ नको! त्या रात्री त्यांना स्वप्नात तोच जिना दिसला. पण पायऱ्या संपतच नव्हत्या आणि कुंडी रिकामी होती.

तिसऱ्या दिवशी वाऱ्यालाच त्यांची दया आली. चौकातून गाडी निघता निघता टॉवेल सुटला, हवेत एक गिरकी घेतली आणि थेट तिच्या टेबलावर जाऊन पसरला. मामांना थांबता येईना. आरशात त्यांना एवढंच दिसलं, की ती टॉवेल हातात धरून गाडीकडे बघते आहे.

दुसऱ्या दिवशी टॉवेल परत आला. कडक घडी, कोपऱ्याला कोपरा. तिनं कपडे अडकवायच्या काठीनं तो वर खिडकीत दिला आणि म्हणाली, "यायचं नसेल तर तसं सांगा. पडदे कशाला?"

"यायचंय!" मामा एवढ्या जोरात ओरडले, की मागच्या बाकावरचं बाळ जागं झालं. मग त्यांना गाल आठवला, आणि त्यांनी पटकन तळहातानं तो झाकला.

ती खालून निरखत राहिली. तिच्या कपाळावरची आठी विरली. "अगं बाई! दाढ दुखतेय का?"

खोटं बोलायला एक लाल दिवा पुरतो. "हो," मामा म्हणाले. "फार."

"आधी सांगायचं नाही का! मी आपली काहीबाही..."

हिरवा.

त्या दिवशी मामांची बस पुन्हा ढगावरून चालली. कंडक्टरनं या वेळी बेल वाजवली नाही. थांबा आला की तो सरळ पुढे येऊन मामांच्या खांद्यावर टिचकी मारायचा.

रविवार उजाडला. डाग बराच पुसट झाला होता, पण होता. मामांनी टोपी घरी ठेवली, केस म्हणून जे काही होतं ते भांग पाडून बसवलं आणि निघाले. जिना होता. उजेडही मंद होता. कुंडी नव्हती, तिथं केरसुणी उभी होती. पण मामांना ती फुललेली दिसली. त्यांनी खिडकीकडचा गाल भिंतीकडे केला आणि दार वाजवलं.

दार उघडलं. मामांच्या डोळ्यांसमोर एक बटण आलं. चेहरा नव्हे, बटण! त्यांनी नजर वर नेली. आणखी वर नेली. तिथं इस्त्रीवालीचा चेहरा होता, आणि तो मामांच्या डोक्यावरून पलीकडे जिन्यात कुणाला तरी शोधत होता.

"कोण?" ती म्हणाली.

"मी."

तिनं खाली बघितलं.

आजवर तिनं त्यांना पाहिलं होतं ते बसच्या उंच सीटवर. त्यांनी तिला पाहिलं होतं ते वरून, टेबलावर वाकलेली. ती उभी राहिली की एवढी उंच होते आणि ते उतरले की एवढे ठेंगणे, हे त्या सिग्नलनं दोघांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला वाटलं होतं," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला आमचं दार बुटकं पडेल."

"आणि मला वाटलं होतं, मला तुमच्यासाठी थोडं वाकावं लागेल."

ती दाराला टेकून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी ताठ मानेनं ते सहन केलं. ताठ मान ही तेव्हा त्यांची गरजच होती. गालाकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. तिला वरून फक्त टक्कल दिसत होतं.

आत तिनं त्यांना उंच स्टुलावर बसवलं आणि स्वतः पाटावर बसली. "आता ओळखीचे वाटता," ती म्हणाली. मग तिनं कुरकुरीत बिस्किटांची थाळी स्वतःपुढे ओढली आणि मामांपुढे दुधात भिजवलेला पाव ठेवला. "तुमची दाढ दुखतेय ना!"

मामांनी तो पाव निमूट गिळला. तिच्या दातांखाली बिस्किटं मोडत होती, आणि त्या आवाजानंही त्यांना गुंगी येत होती. मधूनमधून दोघंही वाक्य अर्ध्यात सोडून गप्प व्हायची, मग इथं दिवा नाही हे आठवून पुन्हा सुरू व्हायची. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत जमिनीवर आलं, तरी कुणी भोंगा वाजवला नाही.

संध्याकाळी मामा घरी परतले, तर भाची दारातच उभी होती.

"काय मामा? कुठलं सिरम चांगलं?"

मामा चपला काढताना त्यांच्या चपट्या तळांकडे बघत राहिले.

"दोन्ही बरीच असतील गं. तू असं कर, उंच टाचेचे बूट पुरुषांसाठी कुठे मिळतात ते बघून ठेव. पुढच्या सुट्टीला परत बोलावलंय!"